सगळे सत्तर किलोचे

मोठ्या माणसाला त्याचं वजन विचारायचं नसतं, हे मला घरात कुणी शिकवलं नव्हतं. ते मी विमान शिकताना शिकले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दिल्लीच्या कडेला एका फ्लाइंग क्लबात मी शिकत होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून भल्या सकाळी निघायचं, आधी मेट्रो, मग शेअर ऑटो, आणि तिथे पोचल्यावर आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळत बसायचं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आई पहाडगंजात मराठी शाळेत शिकवायची. आमच्या खानदानात पायलट होणारी मी पहिलीच. लायसन्सचा पत्ता नव्हता, तरी नागपूरपर्यंत पेढे वाटून झाले होते.

विमानाला मर्यादा असतात, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. वजन किती, गरमी किती, वारा कुठून, धावपट्टी केवढी, यावर ते कसं वर उठेल हे ठरतं. त्याची कोष्टकं असतात. आम्ही ती परीक्षेसाठी घोकली आणि पेपर दिल्यावर विसरून गेलो. मे महिन्यात हवा विरळ होते, असं मी एकदा मराठीतून समजून घ्यायला गेले, तर 'विरळ' हा शब्दच मला येत नव्हता. दिल्लीत वाढल्याचा परिणाम. आई म्हणाली, "अगं, ऐन वेळी पाहुणे आले की आमटीत पाणी घालतो ना आपण? वाटी भरते, पोट भरत नाही. तशी हवा." मला लख्ख कळलं. इंजिनाला पुरेसा घास मिळत नाही, पंखांना पुरेसा आधार मिळत नाही, आणि विमान जमिनीवर उभं असूनही शिमल्याच्या अर्ध्या वाटेवर असल्यासारखं वागतं. हे मी बरोबरच्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "यार, दिल्ली तो फ्लॅट है, यहाँ कौनसी हाइट?" आणि हा परीक्षा पास झालेला होता!

उड्डाणाआधी प्रत्येकाचं वजन लिहून बेरीज करायची असते. आमच्याकडे सगळे सत्तर किलोचे. मी सत्तर, काडीसारखा मुलगा सत्तर, आणि ज्यांचा बेल्ट शेवटपर्यंत सैल करावा लागायचा ते आमचे इन्स्ट्रक्टर सरही सत्तर. वर्षानुवर्षं त्या क्लबात कुणी जाड झालं नाही की बारीक झालं नाही.

त्या दुपारी ऊन असं होतं की विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी दोरीवरच्या पायजम्यासारखी लोंबत होती. सरांना आम्हा तिघांना एकाच फेरीत लांबच्या उड्डाणाला न्यायचं होतं. दोन मुलगे मागे, सर माझ्या शेजारी, टाक्या काठोकाठ भरलेल्या. टेकऑफ मी करायचा होता. मी बेरजेला बसले आणि सरळ विचारलं, "सर, आपका वेट कितना है?"

मुलगे बुटांकडे बघायला लागले.

"सत्तर लिखो. सबका सत्तर लिखते हैं."

"सर, पर असल में?"

"बडों से ऐसे बात करते हैं तेरे घर में?"

मग मी अंदाजानेच खरी वजनं धरली. विमान मर्यादेच्या बाहेर जात होतं, आणि त्या उन्हात धावपट्टीच्या टोकाची झाडं पार होतील अशी माझी खात्री नव्हती. मी म्हटलं, सर, एकाला उतरवू, नाहीतर इंधन कमी करू, नाहीतर उद्या सकाळी गारव्यात जाऊ. यात उद्धटपणा कुठे आला? पण सर भडकले. "चार सीट हैं, चार बैठेंगे. थोडा एडजस्ट करना सीखो. इतना डर लगता है तो बँक की तैयारी कर लो." आणि वर म्हणाले, "आज उतर गई तो सोलो भूल जा."

एकटीने लांबचं उड्डाण करायचं तर त्यांची सही लागत होती. ती नसेल तर लायसन्स अडणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी उतरले.

मागचा एक मुलगा माझ्या जागी बसला आणि तिघं निघाले. मी शेडखाली उभी राहून बघत होते. विमान धावतंय, धावतंय, जमीन सोडायचं नावच नाही. मग चाकं सुटली, पुन्हा खाली बसल्यासारखी झाली, पुन्हा सुटली. टोकाच्या झाडांवरून ते असं गेलं की मी डोळे मिटून घेतले. आवाज लांब गेला तेव्हा उघडले.

परत आल्यावर सर सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "देखा? कुछ हुआ?" माझ्या जागी बसलेला मुलगाही हसला. त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

घरी बाबांचं तेच. "काही झालं नाही ना? मग सॉरी म्हण आणि विषय संपव. मीही साहेबांना असंच सांभाळतो."

"बाबा, तुमच्या साहेबांची फाइल झाडावर आपटत नाही," मी म्हटलं. ते दुखावले. त्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. ते माफीची वाट बघत खुर्चीत मागे रेलले. मी म्हटलं, "सर, कल विमान तीन लोगों के साथ उडा. आपने मुझे घटाया ही नहीं." ते म्हणाले, "बहुत बोलती है." सही मिळाली नाही. मी क्लब बदलला, महिने फुकट गेले, आणि घाबरट मुलगी म्हणून माझी गोष्ट तिथे नव्या पोरांना सांगतात असं ऐकते.

सांगू देत. माझ्या वजनाइतकं हलकं झालेलं विमान जेमतेम झाडांवरून गेलं, तोच माझ्या चुकीचा पुरावा ठरला. माझं बरोबर होतं हे त्यांना पटवायचं, तर मला त्यात बसून मरावं लागलं असतं.