पुलावर हुकूम कोणाचा

बाबांनी हवालदारकाकांचं बोट मोडलं तेव्हा मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. काकांचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि बाबांनी दार आपटलं. चुकून नव्हे, चांगलं बघून, ठरवून. हाड मोडल्याचा आवाज मी मोरीत भांडी घासताना ऐकला. काका ओरडलेसुद्धा नाहीत. हात काखेत दाबून ते आपल्या खोलीकडे चालते झाले. आणि आले कशाला होते? गावाहून आलेली कोकमं द्यायला!

काका आमच्याच गावचे. घाटकोपरच्या आमच्या चाळीत दोन दारं सोडून एकटे राहायचे. महायुद्धात दोघं ब्रह्मदेशात एकाच पलटणीत होते. काका हवालदार, बाबा एकोणीस वर्षांचे शिपाई, आणि बाबांचा थोरला भाऊही त्यांच्याच तुकडीत. जपानी मागे लागले, पलटण पळत सुटली आणि एका मोठ्या नदीपाशी आली. नदीवर पूल एकच. बाबा आणि काका पलीकडे पोचले, भाऊ मागच्याच काठावर राहिला. पहाटे आपल्याच लोकांनी तो पूल सुरुंग लावून उडवला. बाबा सांगायचे, त्यानंतर तासभर मागच्या काठावरून माणसांचे आवाज येत होते. कोणी पाण्यात उड्या मारत होते, कोणाला पोहायला येत नव्हतं, आणि जपान्यांच्या गोळ्या पाण्यावर पडत होत्या. बाबा काठावर उभे राहून भावाला हाका मारत होते.

“ह्येनी माझ्या भावाक थंय सोडल्यान,” हे काकांबद्दलचं वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकलंय.

वर्षातला एक दिवस ते बाबांना चारचौघांत म्हणायची मुभा होती. आमच्या कोकणातल्या माणसांची होळी म्हणजे आधी देवाला गाऱ्हाणं, सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, नारळ आगीत टाकायचा, आणि मग तोंडावर पालथा हात मारून बोंब. त्या बोंबेत कोणाचंही नाव घ्या, काय वाट्टेल ते बोला, दुसऱ्या दिवशी राग धरायचा नाही. बाबा दर वर्षी हवालदारकाकांच्या नावानं बोंब मारायचे. भावखाऊ, पळपुटा, आणि पुढचं मी लिहीत नाही. काका आगीच्या पलीकडे हात जोडून उभे राहायचे आणि सगळं ऐकून घ्यायचे. एकदाही घरात बसले नाहीत. मला तेव्हा वाटायचं, काय हा माणूस, लाज आहे की नाही!

पण बाबांची गिरणी संपात बंद पडली, ते साकीनाक्याला एका वर्कशॉपवर वॉचमन लागले, आणि वर्षातून एक दिवस पुरेना. आई आधीच गेली होती, त्यांना आवरणारं कोणी नव्हतं. नळावर काकांची बादली लाथेनं उडवली. जिन्यात त्यांची गचांडी धरून डोकं भिंतीवर आपटलं. मग ते बोट. काका सत्तरीचे, बाबांच्या अंगात अजून गिरणीची ताकद. मला सरळ दिसत होतं की एक दिवस हा माणूस मरणार आणि माझा बाप तुरुंगात जाणार. मी रात्रंदिवस त्याच भीतीत होते, यार, घरी परतताना चाळीपाशी गर्दी दिसली तरी मी पळत सुटायचे.

योगायोग बघा, आमच्या सरांनी मला प्रबंधाला विषय दिला तो नेमका हाच: युद्धात दूरदूरच्या प्रदेशांतल्या फौजा एकाच सेनापतीच्या हाताखाली असाव्यात का, यावरून साम्राज्यात झालेले वाद. लायब्ररीत जाडजूड खंड होते, त्यांत तेव्हाच्या सरकारी तारा छापलेल्या. वाचता वाचता माझं डोकं भडकलं. अमेरिका म्हणते सगळ्या पूर्वेला एकच सेनापती हवा. लंडन नाक मुरडत हो म्हणतं. दिल्ली म्हणते ब्रह्मदेश आमच्या दाराशी आहे, तो आमच्याकडेच ठेवा. या तंट्यात अडीच महिन्यांत ब्रह्मदेश तीनदा हात बदलतो. सिंगापूरकडून दिल्लीकडे, दिल्लीकडून समुद्रापार जावाकडे, आणि पूल उडाला त्याच्या एक-दोन दिवस आधी पुन्हा दिल्लीकडे. किती सभ्य भाषेत भांडलेत मेले! आणि तिकडे माणसं चिखलात मरत होती.

मला मात्र आनंद झाला, खोटं कशाला बोलू. काका सुटले, असं वाटलं. गुन्हेगार सापडला होता आणि तो इतका लांब आणि इतका मोठा होता की बाबांचा हात तिथे पोचणार नव्हता.

बाबांना घरात सांगायची माझी हिंमत झाली नाही. होळीच्या संध्याकाळी, चाळीतले सगळे जमलेले असताना सांगायचं ठरवलं, म्हणजे ते हात उचलणार नाहीत. किती मूर्ख होते मी. बाबांनी बोंबेसाठी तोंडाशी हात नेला आणि मी मध्येच सुरू झाले. तारा, दिल्ली, जावा, सगळं. आणि शेवटी म्हणाले, “बाबा, हवालदारकाकांच्या हातात काहीच नव्हतं. हे कोण? साधे हवालदार. यांना कोण विचारत होतं?”

बाबांनी माझ्या थोबाडीत इतक्या जोरात मारली की माझा कान दोन दिवस वाजत होता. “माझ्या भावाक तारेन मारल्यान काय गो?” आणि जळणातली आंब्याच्या पेटीची फळी उचलून ते काकांवर धावले. फळीला खिळे होते. पहिला घाव खांद्यावर, दुसरा डोक्यावर. रक्त कपाळावरून डोळ्यात उतरलं. दोघातिघांनी बाबांना मागून धरलं, त्यांनी एकाला कोपरानं नाकावर मारून हात सोडवून घेतला. काका पडले नाहीत. आणि ते माझ्याकडे बघत होते, बाबांकडे नाही, इतक्या रागानं की मी मागे सरले.

“मी कोण नाय होतंय?” ते माझ्यावर ओरडले. “दिल्ली थंय नाय होती, चेडवा. तुझा लंडन थंय नाय होता. त्या पुलावर हुकूम माझो होतो. सुरुंगवाले ओरडत होते, चल, चल. दोघे भाव चिखलात रुतलेले. एकाक ओढूक मिळतलो, इतकोच टाइम. हुकूम माझो. तो माझ्याकडसून काढून घेव नको.”

बाबांची फळी वरच्या वर राहिली. चाळीस वर्षं त्यांनी शिव्या दिल्या होत्या, ‘का’ हा एक प्रश्न कधी विचारला नव्हता, तो आता विचारला. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

“मग माका कित्याक? तो मोठो. त्याचा लगीन झालेला. माका कित्याक काढलंस?”

काका म्हणाले, “काळोख होतो. हात घातलंय, तू गावलंस.”

“आणि तो गावलो असतो तर?”

काकांनी डोळ्यातलं रक्त पुसलं. “तर आज तो माका मारीत असतो.”

बाबांच्या हातातली फळी खाली पडली. ते काकांच्या पायांशी बसले आणि छाती पिटून रडायला लागले, आणि काकाही खाली बसून त्यांचं डोकं आपल्या रक्तानं भिजलेल्या सदऱ्याशी धरून रडायला लागले. मी कान धरून ‘रिक्षा बोलवा रे कोणीतरी’ म्हणून किंचाळत होते. मला त्या दोघांचाही भयंकर राग आला होता.