फत्तेसिंगराव बसमधून उतरले

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातले फत्तेसिंगराव तीस वर्षं एका कन्नड दैनिकात बातमीदारी करत होते. पणजोबा तिथल्याच राजांच्या घोडदळात होते. ताठ मान तेवढी घराण्यात टिकली होती. संपादकांनी त्यांना पाणी आणि हवामानबदलाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं, तेव्हा ते बायकोला म्हणाले, "पाण्यावर कसं लिहायचं ते दिल्लीची बाई मला शिकवणार, नोडे, बघ गं!"

हॉटेलच्या गार हॉलमध्ये दिल्लीहून आलेल्या कमलिनी मॅडम पडद्यावर तापमानाच्या रेघा दाखवत होत्या. कुणी काहीही विचारलं की "ग्रेट क्वेश्चन!" म्हणायच्या. निम्मे वार्ताहर पेंगत होते, उरलेले जेवणाची वेळ विचारत होते. ह्या लोकांना नळ उघडला की पाणी येतं एवढंच ठाऊक, असं फत्तेसिंगरावांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बसने सगळ्यांना येलवालच्या पुढे एका तळ्यावर नेलं. फेसाळलेल्या पाण्यापुढे उभं राहून मंडळी एकमेकांचे फोटो काढू लागली. फत्तेसिंगराव हात मागे बांधून लांब उभे होते. तेवढ्यात वरलक्ष्मी नावाची तिथलीच एक बाई तांब्या घेऊन त्यांच्यापाशी आली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "चार वर्षांमागं साहेबांच्या गाडीत बसून आला होता ते तुम्हीच ना?"

"असेन."

"सहा महिन्यांत तळं साफ होणार म्हणून छापलंत. सासऱ्यांना मीच वाचून दाखवलं. त्या भरवशावर नवी बोअर मारायचं राहिलं. आता ह्या जुन्या बोअरच्या पाण्याचा वास घ्या."

तांब्यातून गटाराचा भपकारा आला. त्या वेळी ते गाडीतून उतरलेही नव्हते. प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी दिलेला कागद तसाच्या तसा उतरवला होता. सकाळपासून ज्यांना नावं ठेवत होते, त्यांच्यात आणि आपल्यात काय फरक होता, ते त्यांना सापडेना.

बसचा हॉर्न वाजला. "सर, सर्टिफिकेट्स द्यायची आहेत!" कमलिनी मॅडम ओरडल्या.

"तुमच्याकडेच राहू द्या," म्हणत ते वरलक्ष्मीबरोबर तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठाने वर चालू लागले. तासाभराने एका नव्या वसाहतीची भिंत लागली. भिंतीखालून जाड पाइप सगळी घाण ओढ्यात सोडत होता. त्यांनी फोटो काढले, वसाहतीचं नाव टिपून घेतलं.

संपादकांनी बातमी वाचली. "राव, ह्यांच्या जाहिराती येतात आपल्याकडे. नाव काढा."

"मग माझंही काढा."

दोन्ही नावं निघाली. सातव्या पानावर 'एका वसाहतीचं सांडपाणी' एवढं छापून आलं. ते पान फत्तेसिंगरावांनी कचऱ्यात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सिटी बसने पुन्हा तळ्यावर गेले. वरलक्ष्मीच्या ओट्यावर बसून त्यांनी वसाहतीच्या नावानिशी प्रदूषण मंडळाकडे तक्रार लिहिली. बत्तीस घरांनी सह्या केल्या. मंडळाच्या कार्यालयात चार फेऱ्या मारल्यावर वसाहतीला नोटीस गेली. पाइप अजून वाहतोच आहे, आणि फत्तेसिंगराव दर सोमवारी त्या कार्यालयात जाऊन साहेबांच्या टेबलासमोर बसतात.