सौंसरवरचं टिंब

मुकुंदला दुसऱ्यांचं शुद्धलेखन सहन होत नाही. पांढुर्ण्यात लग्नाची पत्रिका हातात पडली की तो आधी वेलांट्या तपासतो, मग मुहूर्त. चूक दिसली तरी बोलून कोणाला दुखवायचं नाही. खिशातलं पेन काढून गुपचूप दुरुस्त करायची. त्याची बायको सरला म्हणते, "भाजीत मीठ कमी आहे असं यांनी वीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. उठून घालून घेतात."

असा हा गृहस्थ दादाजींच्या जिनिंगमध्ये कापसाचा ओलावा मोजणारी मशीन सांभाळतो. बोर्ड जुना, प्रोग्राम त्याचा स्वतःचा. मेमरीत गावाचं नाव, त्याला चिकटून ओलाव्याचा आकडा. आकडा मर्यादेबाहेर गेला की लाल दिवा. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा त्याने गावांची यादी मोठ्या हौसेने नव्याने टाइप केली.

त्याच हंगामात सौंसरचे नत्थूजी कापूस घेऊन आले आणि लाल दिवा लागला. दुसऱ्या गाडीलाही लागला. "पाणी मारून आणून राहिले," असं आम्ही यार्डातल्या शहाण्यांनी ठरवून टाकलं. नत्थूजी म्हणत होते, "कोरडा आहे, हात लावून पाहा." कोणी लावला नाही.

चौथ्या दिवशी मुकुंदने लावला. कापूस खरंच कोरडा होता. मग तो मशीन उघडून बसला.

तो जुना प्रोसेसर मेमरी चार-चार घरांनी वाचतो. 'सौंसर'ची चिन्हं पाच, प्रत्येकाला तीन घरं, नावाची लांबी नोंदवायला एक. झाली सोळा, चाराच्या हिशेबात बसणारी. बाकीच्या गावांची नावं त्याने गरजेपुरती रिकामी घरं जोडून तशी बसवली होती. यादीत मात्र 'सौसर' होतं. टिंब गेलं, घरं उरली तेरा, आणि आकडा वाचताना शेवटच्या 'र'चा तुकडा त्यात मिसळला. जगाच्या वेलांट्या तपासणाऱ्याने स्वतः टिंब खाल्लं होतं.

असा सरकलेला आकडा आला तर काय करायचं, हे कर्नल ठरवतो. दादाजींना वाटलं, फौजेतला कोणी आहे. मुकुंदने समजावलं: मशीनचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम. त्याला नंबर देऊन ठेवायचा. शून्य म्हणजे दुर्लक्ष कर. दोन म्हणजे गुपचूप नीट कर. तीन म्हणजे नीट कर आणि नोंदही ठेव. चार म्हणजे प्रोग्रामच बंद पाड. बोर्डासोबत आलेला शून्य मुकुंदने तसाच राहू दिला होता.

त्याने टिंब दिलं, नंबर अर्थातच दोन ठेवला आणि निवांत घरी आला. सरलाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मशीन झाली नीट. नत्थूजींचं नाव कोण नीट करणार?"

त्या दिवशी तो जेवला नाही. सकाळी यार्डात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चूक माझी होती. नत्थूजींचा कापूस कोरडाच होता." एरवी मी त्याची थट्टाच करतो, पण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला.

नत्थूजी रागावले नाहीत. बैलांवर हात फिरवत ते शांतपणे म्हणाले, "मुकुंदभाऊ, मी चार दिवस हेच सांगून राहिलो होतो. तुमी एकडाव सांगतलं, अन् साऱ्यायनं आयकलं."