शनिवारची टपरी

“चाचांच्या नावाची कमान दगडीच करू. फ्लेक्स काय, दोन पावसात फाटतोय.” मागच्या रांगेतला आवाज दबका होता, तरी मला ऐकू आला. रशीदचाचांना जाऊन महिना झाला होता आणि कार्ल्याच्या शाळेच्या व्हरांड्यात त्यांची शोकसभा चालली होती. भाषणं संपत नव्हती... मी नेहमीसारखी भिंतीला टेकून बसले होते.

चाचा आमचे शेजारी. हायवेला त्यांचं पंक्चरचं दुकान. मी लोणावळ्याला इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे गावच्या शाळेशी माझा संबंध नव्हता. खरं तर त्यांचाही नव्हता. मुली केव्हाच सासरी गेलेल्या. पण शनिवारी सकाळची शाळा आणि त्याच दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची रीघ, म्हणून निम्मी पोरं वर्गाऐवजी आईबापाच्या टपरीवर कणसं सोलत बसायची. याचा चाचांना भयंकर राग. समजावून झालं, भांडून झालं. मग एका शनिवारी दुकान बंद ठेवून ते सुनीतामावशींच्या टपरीवर गेले आणि त्यांच्या सायलीला म्हणाले, “ऊठ. दप्तर घे. हितं मी बसतो.”

कणसं त्यांनी करपवली. भाव करणाऱ्यांशी वाद घातले. सुनीतामावशी कावल्या, “चाचा, तुमी बसला की गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर पळतंय!”

“पळू दे की. पोरगी शाळेत गेली न्हवं?”

मग दर शनिवारी ते तिथेच. गावात भेटेल त्याला सांगायचे, “एकेकानं एकेक टपरी धरा, एक पोर घरी ऱ्हाणार न्हाई.” लोक हसून “बघू” म्हणायचे, धुरात डोळे चोळणाऱ्या चाचांचा फोटो काढायचे आणि निघून जायचे. वर्षभर बघतच राहिले सगळे.

आणि आता तेच लोक चाचांच्या कार्याबद्दल गहिवरून बोलत होते. मी शेजारी बसलेल्या सुनीतामावशींना हळूच विचारलं, “सायली येते ना शनिवारी शाळेत?”

“कुटली गं? चाचा गेल्यापासनं टपरीवरच हाय. शेगडी बघू का गिऱ्हाईक बघू, मी एकली?”

तिकडे कमानीवर कुणाकुणाची नावं टाकायची यावरून जुंपली होती. शेवटी अध्यक्षस्थानी बसलेल्या आबांनी विचारलं, “आजून कुनाला बोलायचंय?”

मी उभी राहिले. सगळ्या माना वळल्या.

“उद्या शनिवार आहे. सुनीतामावशींच्या टपरीवर मी बसते,” मी म्हणाले. “बाकीच्या टपऱ्यांवर कोण?”