लाईट गेली, असं मी म्हणालो

मला शेखी मिरवायची सवय आहे आणि ती जाता जात नाही. टेलिफोनच्या वायरीतून ब्रॉडबँड जव्हारला नुकतं आलं होतं, तेव्हा नाशिकहून एक जुना कॉम्प्युटर आणून मी घरातच सर्व्हर उभा केला. बैठकीच्या कोपऱ्यात, नागलीच्या कणगीशेजारी, तो दिवसभर घरघरत असायचा. त्यावर बातम्या गोळा करणारा प्रोग्रॅम बसवला. वर्तमानपत्रांच्या वेबसाइट ताज्या मथळ्यांची एक यादी ठेवतात, तिला फीड म्हणतात. माझा प्रोग्रॅम अशा सगळ्या फीड ओढून आणायचा आणि एका पानावर मांडायचा. तो बसवण्यात दिवाळीची सुट्टी गेली, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, बायको वैतागली. पण जमलं. शाळेत मी इतक्यांदा 'आमच्या घरच्या सर्व्हरवर' म्हणायचो, की मी दिसलो की बाकीचे मास्तर पेपरात तोंड खुपसायचे.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. 'जव्हार' किंवा 'मोखाडा' हा शब्द असलेली बातमी सगळ्यांत वर, लाल पट्टीत यावी, अशी सोय केली. गावाचा अभिमान, दुसरं काय! लाल पट्टीत काय येणार याचा विचार मात्र केला नाही. जीप उलटली, टँकर आला नाही, आणि बहुतेक वेळा कुपोषण. मी ते वाचायचो नाही. पान खाली सरकवून क्रिकेट गाठायचो.

धाकटी बहीण नर्स होती, मोखाड्याच्या बाजूला एका उपकेंद्रात. जीपने जायची, जीपने यायची. तिला दोन स्थळांनी नकार दिला होता आणि कारण एकच, मुलगी जंगलात नोकरी करते. म्हणून नाशिकचे पाहुणे तिला बघायला येणार म्हटल्यावर मी ठरवलं, आम्ही काही मागासलेले नाही हे यांना दाखवायचंच. पोहे होईपर्यंतही मला धीर निघाला नाही. नवरा मुलगा गप्प बसला होता, बाशिंग माझ्याच गुडघ्याला होतं.

"जगाच्या बातम्या, घरच्या घरी," असं म्हणत मी मुलाला आणि त्याच्या वडिलांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पान उघडलं.

वर लाल पट्टी. मोखाड्यात कुपोषित बालिका अत्यवस्थ. तिच्याखाली तसलीच आणखी एक. मुलाचे वडील चष्मा सावरून वाचायला लागले. माझे कान तापले. आता हे उठणार, तिसरंही स्थळ जाणार, आणि तेही माझ्या हौसेपायी. मी टेबलाखालचं बटण पायाच्या अंगठ्याने दाबलं. पडदा काळा झाला.

"लाईट गेली," मी म्हणालो. "आमच्याकडे लोडशेडिंग फार."

त्या वर्षांत यावर कुणीही विश्वास ठेवला असता. पण आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

पाहुण्यांनी वर पाहिलं. माझ्या वडिलांनीही पाहिलं. त्यांचा जन्म साखरशेत गावी शेती करण्यात गेलेला, झाकाझाकी त्यांना ठाऊक नाही. "पंखा तर चालूय ना रे," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बहीण पोहे घेऊन आली होती. "दादा, लाईट आहे," ती म्हणाली. बशा दिल्या आणि वाकून तिने बटण परत चालू केलं. असं मध्येच बंद पडल्यावर सर्व्हर आधी स्वतःला तपासत बसतो. काळ्या पडद्यावर टक्के रांगत वर चढत होते. पोह्यांतले शेंगदाणे चावल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. हा आत्ताच कायमचा बिघडू दे, म्हणून मी देवाला विनवत होतो. नाही बिघडला.

बहिणीने ते पान पुन्हा उघडलं आणि वरच्या मथळ्यावर बोट ठेवलं. "ही आमच्या उपकेंद्रातली. मीच तिला जीपमध्ये घालून इथल्या दवाखान्यात आणलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि हिने ती पाहुण्यांसमोर उघडून टाकली. मी सारवासारव करायला तोंड उघडणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेला मुलगा बोलला.

"आता कशी आहे ती?"

"काल रात्री थोडं दूध प्यायली," बहीण म्हणाली. "वाचेल असं वाटतंय."

मग त्याने आणखी काही विचारलं, तिने सांगितलं. दोघांचेही पोहे गार झाले. लग्न तिथेच ठरलं, असं आई अजून सांगते, आणि माझ्या सर्व्हरमुळे ठरलं असंही वर म्हणते. तेव्हा मी उठून बाहेर जातो.

कारण ती बातमी आदल्या दिवशीही लाल पट्टीत होती. मी सवयीने ती खाली सरकवली होती. त्या संध्याकाळी बहीण उशिरा घरी आली, तिच्या पांढऱ्या साडीवर लहान मुलाच्या ओकारीचा डाग होता. मी तिला एवढंच विचारलं होतं की उद्या पाहुण्यांसमोर कुठली साडी नेसणार.