बानाबाईनं धुतलेले रुमाल

रेकॉर्ड खोलीतल्या माणसाची कचेरीला आठवण होते ती एखादा कागद सापडेनासा झाला की. एरवी तो मेला की जगला याचा कुणाला पत्ता नसतो. बानाबाईला हे ठाऊक नव्हतं, म्हणून ती आपल्या नोकरीवर खूश होती. पोलीस ॲक्शन होऊन पंधराएक वर्षं उलटली होती, निजामाचं राज्य जाऊन मराठी राज्य आलं होतं, आणि औरंगाबादेत पालिकेच्या मागच्या अंगाला, जाळीच्या खिडक्यांच्या एका लांबट खोलीत बानाबाई रोजंदारीवर शिपाई म्हणून लागली होती.

बाई मूळची शेंद्र्याकडच्या माळावरची, मेंढरांमागं चालत वाढलेली. नवरा भिकन मात्र काठी टाकून शहरात आला आणि जकात नाक्यावर शिपाई झाला. सिल्लोडकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या अडवायच्या, पावती बघायची, दोर खाली सोडायचा, हे त्याचं काम. विषमज्वरानं तो गेला तेव्हा पदरात दोन पोरी होत्या. भिकनचा दोस्त सांडू, जो कचेरीत शिपाई होता, तो साहेबलोकांच्या मागं लागला आणि बानाबाईला ही जागा मिळाली. जागा कसली, रोजचा रोज. सुट्टी घेतली की पगार नाही, आणि उद्या येऊ नको म्हटलं तर विचारायची सोय नाही.

खोलीत फळ्यांवर रुमाल होते. रुमाल म्हणजे खिशातले नव्हेत. जाड्याभरड्या कापडाचे हे हातभर चौकोन, त्यात कागदांचे गठ्ठे बांधून ठेवायचे. निजामाच्या वेळचे सगळे कागद उर्दूत, आणि त्या सगळ्यांचे धनी होते दस्तगीर साहेब. पांढरी दाढी, काळी शेरवानी, आणि जमदग्नीचा अवतार. कचेरी त्यांना मौलवीसाहेब म्हणायची. प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यावर त्यांनी बोरूनं, सुबक अक्षरात, आत काय आहे ते लिहिलेलं होतं. निवृत्त व्हायच्या आधीचे काही महिने त्यांनी बानाबाईला हाताखाली घेतलं. पावसाळा संपला की गठ्ठ्यांना ऊन द्यायचं, कडुनिंबाचा पाला वाळवून मध्ये घालायचा, गाठ मारायची ती एका झटक्यात सुटली पाहिजे. “बेटी, कागज को पसीना आना नक्को,” असं दिवसातून दहादा बजवायचे. बानाबाई मान डोलवायची. मेंढरालाही दमट जागा मानवत नाही, हे तिला नव्यानं शिकायचं नव्हतं.

दसऱ्याला दस्तगीर साहेब निवृत्त झाले आणि दिवाळीच्या तोंडावर हेडक्लार्क तात्यासाहेब खोलीत शिरले. नाकाला उपरणं लावून. तात्यासाहेब कामाला वाघ, पण स्वभावानं असे की चांगलं झालं तर ‘मी केलं’ आणि वाईट झालं तर ‘कुणी केलं?’

“काय हे कळकट, बानाबाई! ह्या फडक्यांना जन्मात कधी पाणी लागलंय का? दिवाळीच्या आत खोली लख्ख पाहिजे मला.”

आता, धनगराच्या घरात कातरणीच्या आधी मेंढरं नदीत धुतात. मळ उतरल्याशिवाय लोकरीला कातर लावायची नसते. बानाबाईनं तोच कित्ता गिरवला. रुमाल सोडले, गठ्ठे सुतळीनं बांधून होते तिथंच ठेवले, आणि ओझी करकरून खाम नदीवर नेली. सोडा घालून उकळली, दगडावर आपटली, स्वच्छ पाण्यात खळबळली. कोपऱ्यावरचं लिहिणं तिला दिसत नव्हतं असं नाही. पण मेंढराच्या पाठीवरची गेरूची खूण धुऊन गेली म्हणून मेंढरू काय परकं होतं? धन्याला ते तोंडावरून ओळखतंच. तसं या गठ्ठ्यांचंही असणार, लिहिणं आत कागदावर असणारच, असं तिनं धरलं. पाणी काळं कुळकुळीत निघालं आणि वर्षानुवर्षांचा मळ गेला म्हणून बाईला समाधान वाटलं.

दिवाळीला खोली बघून तात्यासाहेबांनी चार लोकांत तिचं कौतुक केलं. “अशी बाई पाहिजे,” म्हणाले. त्यांनीच मग येत्या अंदाजपत्रकात रेकॉर्ड शिपायाची कायम जागा दाखवली आणि तिच्यापुढं बानाबाईचं नाव घातलं. तेवढं मात्र त्यांनी खरोखर मनापासून केलं. बानाबाईनं थोरल्या पोरीला शाळेतून काढायचं ठरवलं होतं, तो बेत तिनं मागं घेतला.

मग फेब्रुवारी आला आणि कचेरीत अंदाजपत्रकाची घाई उडाली. गाव वाढत होतं, नळ मागत होतं, दिवे मागत होतं, आणि पालिकेच्या हाती उत्पन्न म्हणजे मुख्यतः जकात. कशावर बसवायची राहिलीय याचा शोध घेता घेता मंडळी सरकीवर आली. सरकीवर जकात बसवली की खड्डा भरून निघतो, असं तात्यासाहेबांनी मांडून दाखवलं. पण मोंढ्याच्या बाजारातले व्यापारी उठले. म्हणाले, सरकीला निजामाच्या वेळेपासून माफी आहे, तसा हुकूम आहे, तुमच्याच दप्तरात बघा. अध्यक्ष आप्पासाहेब शेतीवाडीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, “हुकूम असला तर मानावा लागेल. नसला तर जकात बसवू. आधी कागद आणा.”

तात्यासाहेब खोलीत आले आणि दारातच थबकले. फळ्यांवर पांढरेशुभ्र रुमाल ओळीनं बसलेले, आणि एकावरही अक्षर नाही.

त्यांनी चार गठ्ठे सोडले. तात्यासाहेबांचं शिक्षणही उर्दूतच झालेलं, पण छापील पुस्तकांवर. कचेरीतले हे कागद शिकस्ता अक्षरात, म्हणजे घाईत लिहिलेलं, टिंबं गाळलेलं, एकात एक गुंतलेलं. एका गठ्ठ्यात विहिरींचा गाळ असावा, दुसऱ्यात बहुधा कुत्र्यांवरची पट्टी. अशा गतीनं हुकूम सापडायला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. तात्यासाहेब घामाघूम झाले.

“त्या म्हाताऱ्यानं नावंच लिहिली नाहीत! नोकरीभर पगार खाल्ला आणि एका गठ्ठ्यावर नाव नाही!”

बानाबाई कोपऱ्यात झाडू घेऊन उभी होती. खाम नदीतलं ते काळं पाणी तिच्या डोळ्यांपुढून वाहत गेलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मळ नव्हता तो. ती बोलायला गेली, पण पोरींची तोंडं आठवली आणि ती खाली वाकून झाडायला लागली. रुमाल धुवायला आपणच सांगितलं होतं हे तात्यासाहेबांना आठवत होतं की नव्हतं, देव जाणे. आठवलं असलं तरी ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

दस्तगीर साहेबांना बोलावणं गेलं. काठी टेकत आले. त्यांनी एक रुमाल हातात घेतला, कोपरा चाचपला, नाकाशी नेला. सोड्याचा वास अजून होता. मग त्यांनी मान वळवून बानाबाईकडं पाहिलं. बाईनं मान खाली घातली.

“बोला मौलवीसाहेब,” तात्यासाहेब म्हणाले. “नावं कुठं आहेत?”

दस्तगीर साहेबांनी रुमालाची घडी घातली. “लिखेच नहीं थे. सब सर में था मेरे. अब याद नहीं रहा.”

तात्यासाहेबांना आयतंच सापडलं. सभेपुढं त्यांनी दोन विषय आणखी ठेवले. एक, दस्तगीर साहेबांवर ठपका ठेवून त्यांच्या निवृत्तिवेतनातून कपात करावी. दुसरा, हे उर्दू कागद आता कुणालाच लागत नाहीत, ते रद्दीत घालून खोली मोकळी करावी. व्यापारी म्हणतात तो हुकूम मिळाला नाही असं लिहिलं की सरकीवर जकात बसली, जागा मिळाली, आणि दोष म्हाताऱ्याच्या डोक्यावर. एका दगडात किती पक्षी!

सांडूनं हे तिला सांगितलं तेव्हा बानाबाई पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. सगळं त्याला सांगून टाकलं.

सांडू म्हणाला, “वहिनी, नीट ऐक. उद्याच्या सभेत तुपला विषय आधी हाय, मौलवीचा मागून. तुपला मंजूर व्हऊ दे. कायम झालेल्या माणसाला कुणी असं उठून काढीत नाय. मंग बोल, काय बोलायचं ते. मौलवी बी सुटंल, तू बी ऱ्हाशील.”

सल्ला वाईट नव्हता. खरं सांगायचं तर आपल्यापैकी शहाण्यातल्या शहाण्यानं तोच घेतला असता, आणि वर स्वतःची पाठ थोपटली असती. बानाबाईलाही तो पटला. ती घरी गेली, पोरींना भाकरी वाढली, आणि उद्या बोलायचं पण नंतर बोलायचं असं पक्कं ठरवून झोपली.

सभेत पाणी द्यायचं काम तिच्याकडंच आलं. सभासद बसलेले, तात्यासाहेब एकेक विषय वाचत होते. दिवे झाले, गटारं झाली. मग तिच्या कानावर तिचंच नाव आलं.

“रेकॉर्ड शिपाई, कायम जागा एक,” तात्यासाहेबांनी वाचलं. “काम समाधानकारक.”

आप्पासाहेबांनी नेहमीप्रमाणं इकडंतिकडं बघून विचारलं, “मंजूर?”

बानाबाईनं हातातला तांब्या टेबलावर ठेवला. “थांबा, साहेब.”

सगळे तिच्याकडं बघायला लागले. शिपाईण सभेत बोलते हे त्या दालनानं कधी ऐकलं नव्हतं.

“नावं व्हती,” ती म्हणाली. “समद्या रुमालावर व्हती. म्या सोडा घालून धुतले, ती गेली. मौलवीसाब मपल्यासाठी खोटं बोलले.”

दारात उभ्या सांडूनं कपाळावर हात मारून घेतला. आप्पासाहेब पुढं वाकले. “बाई, तुझ्याच जागेचा विषय चालू आहे. कळतंय का तुला?”

“व्हय. म्हनून तर आत्ता सांगते. मंजूर झाल्यावर सांगितलं आसतं, तर ती चोरी झाली आसती.”

सभेत गलका उडाला. तात्यासाहेब उठून उभे राहिले. “पालिकेच्या दप्तराचं नुकसान केलंय हिनं! आजच्या आज काढून टाका!”

आप्पासाहेबांनी हात वर केला आणि आपल्या सावकाश आवाजात विचारलं, “रुमाल धुवायला तिला सांगितलं कुणी?”

तात्यासाहेब खाली बसले. पुढचा बराच वेळ त्यांना कागदांतच काहीतरी सापडत होतं.

सभेनं काय ठरवलं? अर्धं न्यायाचं, अर्धं कचेरीचं. दस्तगीर साहेबांवरचा ठपका गेला. रद्दीचा आणि सरकीचा विषय, मौलवीसाहेब येऊन गठ्ठे वाचायला कबूल झाले तर, हुकूम शोधून होईपर्यंत थांबवायचा ठरला. बानाबाईला काढलं नाही, पण तिची कायम जागा काही त्या अंदाजपत्रकात राहिली नाही.

सभा उठताच ती बुढी लेनला दस्तगीर साहेबांच्या घरी गेली. बातमी तिच्याआधी पोचली होती. म्हातारा ओट्यावर बसून धुमसत होता.

“आलीस? आ. उभ्या हयातीत एक झूट बोलला मी, तेही तू टिकू दिलं नाहीस! थोडी पेन्शन कापली असती, मेरा क्या जाता? माझं भागतं. तुझं कसं भागणार होतं, हां?”

“तुमचं नाव खराब झालं आसतं, साहेब.”

“नाम? मेरा नाम तो तूच खाम में धो आयी!”

बानाबाईचे डोळे भरून आले. तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. म्हाताऱ्यानं पाय मागं घेतला, काठी चाचपली, खोकला काढला आणि घरात ओरडून शेरवानी मागवली.

सरकीच्या माफीचा हुकूम काही आठवड्यांनी सापडला. व्यापारी खरं बोलत होते. जकात बसली नाही, खड्डा तसाच राहिला, आणि तात्यासाहेबांनी बरेच दिवस दोघांकडं असं पाहिलं की जणू त्यांनीच सरकी खाल्ली. दस्तगीर साहेब मात्र रोज येत राहिले. ते गठ्ठा वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि सांडू किंवा जो कुणी लिहिता माणूस हाती लागेल तो चिठ्ठी लिहायचा. बानाबाई ती सुईदोऱ्यानं रुमालावर टाचायची. तिच्या डोळ्यांदेखत म्हातारा चिडायचा, हसायचा, कधी एखाद्या जुन्या साहेबाची सही दिसली की तिच्यावरून बोट फिरवायचा. हे दिवस तिच्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे होते. ते तिनं पुढं पोरींना कितीदा तरी सांगितलं.

तिची जागा कायम झाली ती दोन अंदाजपत्रकं उलटल्यावर. ते बघायला दस्तगीर साहेब नव्हते. आदल्या उन्हाळ्यातच ते गेले होते, आणि शेवटची एक फळी वाचायची राहून गेली.

त्या फळीवरून पुढं दर नव्या साहेबाशी बानाबाईचा वाद व्हायचा. काय आहे हे? ठाऊक नाही. कुणाला लागतं? कुणालाच नाही. मग ठेवलंय कशाला? पावसाळा संपला की वाचलेल्या गठ्ठ्यांबरोबर ते न वाचलेलेही ती उन्हात मांडायची, पाला बदलायची, गाठ मारायची. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका तरुण साहेबानं फारच टोकलं, तेव्हा ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, साहेब. त्यायला वाचनारं मानूस यायचंय अजून.”