काकांचा प्लॅन

अकोल्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना फोनच्या स्वस्त प्लॅनचा नाद आहे. जिन्यात गाठ पडली की नमस्कार राहतो बाजूला, "तुमचा कोंता प्लॅन हाये?" हाच पहिला प्रश्न. आपण उत्तर दिलं की अशी मान हलवतात, जणू बाजारातून आपण सडके टमाटर घेऊन आलो आहोत.

मागे त्यांनी माझ्या घरच्या फोनचा प्लॅन बदलायला लावला. आता कुठेही आणि कितीही वेळ बोला, वेगळं बिल नाही. त्यांच्याकडेही तोच प्लॅन आहे, आणि त्यांच्या आग्रहाला कंटाळून अख्ख्या बिल्डिंगने तोच घेतला.

परवा किल्ली ठेवायला वर गेलो, तर काका अमरावतीच्या लेकीशी बोलत होते. "हो, जेवलो. गोळी घेतली. ठेवतो बाई, बिल चढून राहिलं." आणि त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

मला राहवलं नाही. "काका, पोरीला खोटं काहून सांगता? बिल कुठे चढतं आता?"

ते फोनवर रुमाल नीट पसरत राहिले. तो काकूंनी विणलेला. काकू जाऊन वर्ष होत आलं.

"तिले नोका सांगू," ते म्हणाले. "तिची माय घंटा घंटा बोले तिच्याशी. माह्याजवळ दोन मिनिटाचंच बोलणं हाये."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या मोबाइलवर कोंता प्लॅन हाये?"